खांबांवरचा टॉवर आणि कोपऱ्यातलं चर्च

न्यूयॉर्कला गेलो की मॅनहॅटनमध्ये माना वर करून चालायचं हे ठरलेलंच, पण लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू आणि 54 व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मात्र मान खाली घालून बघा. फुटपाथवरच्या मोठ्या काचेतून खाली थेट सेंट पीटर्स लुथरन चर्चचा हॉल दिसतो, बाक, ऑर्गन सगळं, आणि डोक्यावर 59 मजली टॉवर, पूर्वीचं सिटीकॉर्प सेंटर.

इथे आधी 1905 चं गॉथिक, म्हणजे जुन्या युरोपीय टोकदार कमानींच्या शैलीतलं चर्च होतं. सत्तरच्या दशकात सिटीकॉर्प बँकेला हा ब्लॉक हवा होता, चर्चवाले जागा द्यायला तयार झाले पण अट घातली की आमचं नवीन चर्च याच कोपऱ्यावर पाहिजे, स्वतंत्र इमारत पाहिजे आणि तुमचा एकही खांब त्यातून जाता कामा नये. मला ही अट फार म्हणजे फार आवडली, कारण एवढ्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये जुन्या देवळाला नाहीतर चर्चला लॉबीतली एखादी खोली देऊन विषय संपवणं किती सोपं असतं!

मग आर्किटेक्ट ह्यू स्टबिन्स आणि इंजिनिअर विल्यम लमेझर यांनी टॉवरचे खांब चार कोपऱ्यांतून काढून चारही बाजूंच्या मधोमध आणले, साधारण नऊ मजले उंच, त्यामुळे कोपरे अधांतरी राहिले आणि त्यातल्या एकाखाली चर्च बसलं. 1977 मध्ये दोन्ही तयार. पुढच्याच वर्षी लमेझरांच्या लक्षात आलं की वारा तिरका, म्हणजे कोपऱ्याच्या दिशेने आला तर सांगाड्यावर जास्त ताण येतो, त्यात वेल्डिंगऐवजी बोल्टचे जोड वापरलेले, मग रात्री-रात्री पोलादी पट्ट्या वेल्ड करून जोड मजबूत केले. लोकांना हे कळलं थेट 1995 मध्ये! चर्चच्या एका अटीमुळे इंजिनिअरिंग इतकं अवघड झालं, तरी मला अट बरोबरच वाटते, चूक झाली ती हिशेबात आणि जोडांत.

बाहेरून चर्च म्हणजे ग्रॅनाइटचा मोठा तिरका कापलेला दगड वाटतं, उंच मनोरा वगैरे काही नाही. जुनं गॉथिक पाडलं म्हणून हळहळणारे असतील, पण टॉवरच्या पायथ्याशी खोटं गॉथिक उभं केलं असतं तर ते शोभेची वस्तू झालं असतं. आतली रचना डिझायनर जोडपं मासिमो आणि लेला विन्येली यांची, साधी आणि मोकळी. शिल्पकार लुईझ नेव्हल्सनचं छोटं चॅपल (प्रार्थनेची खोली) तर चुकवूच नका, भिंतींवर पांढरी लाकडी शिल्पं आणि बाहेर लंचटाइमची गर्दी यावर विश्वास बसत नाही.

आणि हे चर्च जॅझवाल्यांचं! पास्टर जॉन गेन्सेल यांनी जॅझ कलाकारांना जवळ केलं, त्यांच्यासाठी रविवारी संध्याकाळची प्रार्थना जॅझमध्ये सुरू केली. 2021 च्या जानेवारीत रस्त्याखालची पाण्याची मोठी लाइन फुटून आत पाणी घुसलं, ऑर्गनचंही नुकसान झालं. रस्त्याच्या पातळीखाली हॉल ठेवल्याची ही किंमत, पण तो तसा खाली आहे म्हणूनच ऑफिसला पळणाऱ्या माणसाला चालता चालता आतलं सगळं दिसतं.