खाणीच्या ढिगाऱ्यावर वाढलेलं रान

गेल्सेनकिर्शेनला राहायला आल्यापासून चंद्रपूरहून फोन आला की एक प्रश्न हमखास येतो, "तिकडेही कोळसाच का?" होता, आता नाही. जर्मनीच्या या रूर भागातली शेवटची कोळसा खाण, बोट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. आमच्या गावातली राईनएल्बे खाण तर १९२८ सालीच थांबली होती. आज तिच्या जागेवर रान आहे, आणि मला या देशात सगळ्यात जास्त आवडलेली जागा तीच.

हे रान कुणी लावलेलं नाही. जागा बरीच वर्षं पडून होती, झाडं आपली आपण आली. नव्वदच्या दशकात वनखात्याने ठरवलं की ती तोडायची नाहीत आणि रांगेत नवी रोपंही लावायची नाहीत. पायवाटा करायच्या आणि लक्ष ठेवायचं. खाणीच्याच एका जुन्या इमारतीत वनखात्याचं ठाणं आहे. तिकीट नाही, फाटक नाही.

ऑगस्टमध्ये गेलात तर बर्चच्या झाडाखाली थांबा. बोटभर लांबीचे तपकिरी तुरे लोंबत असतात. एक तुरा चिमटीत धरून चुरडला की तळहातावर भुशाएवढं बी पडतं, दोन्ही बाजूंना पारदर्शक पंख असलेलं. फुंकर मारायच्या आत उडून जातं. ढिगाऱ्यावर बर्च सर्वांत आधी का पोचला, ते इथे कळतं. खालची जमीन म्हणजे कोळशासोबत वर काढलेला दगड: काळा, पाटीसारखे पापुद्रे सुटणारा, उन्हात चटके देणारा. त्यात ना माती ना ओल. बर्चला तेवढ्यावर भागतं. त्याचा पाला कुजून थोडी माती झाली की मग सावलीत ओक, मॅपल उगवतात. मूळची चीनची बडलिया जांभळी फुललेली असते आणि तिच्यावर फुलपाखरांची झुंबड.

ढिगाऱ्याच्या माथ्यावर मात्र अजून उघडा काळा दगड. तिथे हेरमान प्रिगान या शिल्पकाराने खाणीच्या पाडकामातले काँक्रीटचे ठोकळे रचून 'स्वर्गाचा जिना' उभारला आहे. माझ्यासोबत शेजारचे काका होते. त्यांचे वडील तुर्कस्तानातल्या झोंगुलदाकहून, म्हणजे एका कोळशाच्या गावातून दुसऱ्या कोळशाच्या गावात कामाला आले. काकांनीही जन्म खाणीतच काढला. जिन्यावरून ते मला झाडं दाखवत नव्हते, जुन्या खाणी कुठे होत्या ते दाखवत होते.

त्यांच्याकडूनच मला पंपांचं महत्त्व कळलं. कोळसा काढल्याने इथली जमीन खचली, शेजारच्या एसेन शहरात काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त. ओढ्यांचं पाणी आता आपोआप उतरत नाही, ते उपसावं लागतं. जमिनीखालचं खाणीचं पाणीही उपसावं लागतं, पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून. हे काम कधीच संपणार नाही. त्याच्या खर्चासाठी २००७ मध्ये कायमस्वरूपी निधी असलेली एक संस्था काढली. मला या रानाइतकंच हेही मोठं वाटतं: खाण बंद झाली तरी जबाबदारी बंद केली नाही.

आपल्याकडे चंद्रपूरला इरई नदीकाठी ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाचे, डोंगर आहेत. रूरमध्ये बारा महिने पाऊस, चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, त्यामुळे इथली नक्कल तिथे चालणार नाही, हे मान्य. पण दुर्गापूरकडे खाणीलगतच्या झुडपांत वाघ-बिबटे वावरतात, म्हणजे आपली जमीनही मेलेली नाही. खुल्या खाणीत खोदताना वरची सुपीक माती वेगळी साठवून शेवटी ढिगाऱ्यावर पसरली, तर पळस, बोर, खैर धरतील. नुसती रोपांची संख्या कागदावर दाखवू नका, दहा वर्षांनी त्यातली किती जगली ते मोजा. आणि खाण संपल्यावर तिथलं पाणी कोण बघणार, त्याचा पैसा कुठून येणार, हे खाण चालू असतानाच लेखी ठरवून घ्या. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या वाचकांनी ग्रामसभेत हा प्रश्न जरूर विचारावा.