‘माझी ८४१ क्रमांकाची तार पोचली का?’

१६ जुलै १९१५ रोजी दुपारी एक वाजता ऑटोमन तुर्की साम्राज्याच्या राजधानीतल्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) अमेरिकन वकिलातीने वॉशिंग्टनला एक तार धाडली. तिचा क्रमांक ८५८, वर ‘गोपनीय’ असा शेरा, आणि पहिलेच वाक्य एखाद्या कचेरीतल्या रोजच्या पत्रव्यवहारात शोभावे असे होते: माझी ८४१ क्रमांकाची तार पोचली का? त्याच्या पुढचे वाक्य मात्र वाचून मी बराच वेळ तिथेच थांबलो. शांततेने राहणाऱ्या आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि त्यांच्यावरील अत्याचार वाढत चालले आहेत, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या हृदयद्रावक हकिकतींवरून असे दिसते की बंडाचा सूड घेण्याच्या बहाण्याखाली एका वंशाच्या निर्दालनाची मोहीम चालू आहे, असे त्यात म्हटले आहे. ‘जेनोसाइड’ (वंशसंहार) हा शब्द कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी १९४४ साली छापून प्रसिद्ध करेपर्यंत अजून एकोणतीस वर्षे जायची होती. म्हणून समोर जे चालले होते त्याला नाव देण्यासाठी राजदूताला हाताशी असलेले साधे शब्द एकापुढे एक ठेवावे लागले.

हे राजदूत म्हणजे थोरले हेन्री मॉर्गेन्थाऊ. जन्म १८५६ चा, जर्मनीतील मानहाइमचा; दहाव्या वर्षी ते कुटुंबासह अमेरिकेत आले, न्यूयॉर्कमध्ये वकिली आणि जमीनजुमल्याच्या व्यवहारात श्रीमंत झाले आणि १९१२ च्या निवडणुकीत वुड्रो विल्सन यांच्यासाठी त्यांनी निधी गोळा केला. त्याच्या मोबदल्यात कॉन्स्टँटिनोपलची वकिलात देऊ केली गेली, तेव्हा ती त्यांनी आधी नाकारली होती. ज्यू माणसाला द्यायची जागा म्हणजे तुर्कस्तानची, असा जो पायंडा पडला होता तो त्यांना मान्य नव्हता. रब्बी (ज्यू धर्मगुरू) स्टीव्हन वाइज यांनी मन वळवल्यावर ते तयार झाले आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये रुजू झाले. मुत्सद्देगिरीचा पूर्वानुभव त्यांना अजिबात नव्हता, आणि ते त्यांच्या पथ्यावर पडले असे मला वाटते, कारण काय लिहू नये याचे वळण त्यांच्या हाताला लागलेले नव्हते.

त्यांचे खासगी कागद आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील हस्तलिखित विभागात आहेत, तर वकिलातीतून परराष्ट्र खात्याला गेलेल्या तारा आणि अहवाल नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. ही विभागणी वरवर तांत्रिक वाटते, पण माझ्या दृष्टीने सगळा विषय तिच्यातच आहे. सरकारकडे गेलेला कागद कोणाला तरी काही पटवण्यासाठी लिहिलेला असतो. घरी राहिलेला कागद, विशेषतः रोजनिशी, त्या दिवशी संध्याकाळी डोक्यात जे उरले ते उतरवून ठेवण्यासाठी असतो. मॉर्गेन्थाऊ यांच्या रोजनिशीची छापील आवृत्ती २००४ मध्ये आरा साराफियान यांच्या संपादनाखाली निघाली आणि गेले काही आठवडे मी ती संथपणे वाचत आहे. भेटीगाठी, जेवणावळी, पाहुणे, मिशनऱ्यांच्या तक्रारी अशा नोंदींची पानेच्या पाने उलटावी लागतात, आणि मग त्याच सुरात, आवाज जराही न चढवता, काहीतरी असे येते की मागे फिरून तारीख पुन्हा पाहावी लागते.

८ ऑगस्ट १९१५ ची नोंद तशी आहे. त्या दिवशी मॉर्गेन्थाऊ ठरलेल्या वेळी ऑटोमन सरकारचे गृहमंत्री तलात यांना भेटायला गेले. आर्मेनियनांविषयी बोलायचे असेल तेव्हा तुम्ही नेहमी एकटे या, असे तलात यांनी सांगितल्याचे नोंदीत आहे. राजदूताने नाना परींनी समजावून पाहिले. त्यावर तलात म्हणाले की आता त्याचा उपयोग नाही, त्यांच्यापैकी तीन चतुर्थांशांची विल्हेवाट आम्ही केव्हाच लावली आहे, बित्लिस, व्हान आणि एर्झेरुम या पूर्वेकडच्या भागांत कोणी उरलेले नाही, आणि द्वेष इतका पराकोटीला गेला आहे की आता हे काम पुरे करण्यावाचून गत्यंतर नाही. नोंदीत अवतरणचिन्हे नाहीत, विशेषणे नाहीत, ‘तो म्हणाला की’ या धाटणीची वाक्ये एकामागून एक येतात.

हीच भेट १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या मॉर्गेन्थाऊ यांच्या आठवणींत वाचली की फरक डोळ्यांत भरतो. अमेरिका एव्हाना युद्धात उतरली होती, आणि युद्धाला लोकांचा पाठिंबा मिळवण्यासाठी असे पुस्तक लिहावे ही कल्पना मॉर्गेन्थाऊ यांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये स्वतःच विल्सन यांना पत्राने कळवली होती. प्रत्यक्ष लेखन मुख्यतः बर्टन हेंड्रिक या पत्रकाराने केले. रोजनिशीतला वृत्तान्त तिथे अवतरणचिन्हांतले संवाद होऊन येतो, माणसांचे चेहरे आणि आवाज रंगवले जातात, तुर्कांविषयी सरसकट आणि आज वाचवत नाहीत अशी विधाने येतात. हीथ लाउरी या इतिहासकाराने १९९० मध्ये रोजनिशी, घरी लिहिलेली पत्रे आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवून या विसंगती दाखवल्या, आणि तेव्हापासून मॉर्गेन्थाऊ यांची साक्षच निकालात निघाली असे म्हणणाऱ्यांना एक आधार सापडला.

तो आधार मला पोकळ वाटतो, आणि ते पुस्तकाची बाजू घेण्यासाठी मी म्हणत नाही. पुस्तक रंगवलेले आहे हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या कागदांच्या बळावर ते रंगवलेले ठरते, त्याच कागदांत ८ ऑगस्टची ती कोरडी नोंद आहे. पुस्तकातला प्रत्येक संवाद बाजूला काढून ठेवला तरी तीन चतुर्थांशांचा तो हिशेब आणि ‘पुरे करणे’ हे क्रियापद रोजनिशीत जिथल्या तिथे राहते, आणि ते लिहिले गेले तेव्हा अमेरिका तटस्थ होती, पुस्तकाचा विचार कोणाच्या मनात नव्हता आणि कोणाला भडकवायचे नव्हते.

त्या नोंदींच्या मागे आणखी दोन माणसे आहेत, आणि त्यांच्याकडे माझे लक्ष वारंवार जाते. मॉर्गेन्थाऊ रोजनिशी सांगत आणि त्यांचे चिटणीस हागोप आंदोनियान ती टंकलिखित करत. वकिलातीचे कायदेशीर सल्लागार आणि दुभाषे होते अर्शाग श्माव्होनियान. दोघेही आर्मेनियन. तलात यांनी ‘एकटे या’ म्हटले ते श्माव्होनियान यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी होते हे उघड आहे. आणि आपल्याच लोकांची विल्हेवाट लागल्याचे वाक्य आंदोनियान यांच्या बोटांखालून कागदावर उमटले. त्या क्षणी यंत्र थांबले का, हे कोणताही कागद सांगत नाही.

१६ जुलैच्या तारेकडे पुन्हा येतो. तिचा उरलेला मजकूर सहसा उद्धृत होत नाही, आणि मला तो पहिल्या भागाइतकाच महत्त्वाचा वाटतो. निषेध आणि धमक्या निष्फळ ठरत आहेत, उलट त्यांमुळे तुर्की सरकार बहुधा अधिकच कठोर पावले उचलेल, प्रत्यक्ष बळाखेरीज काहीही पुरेसे पडणार नाही आणि ते वापरण्याच्या स्थितीत अमेरिका उघडच नाही, असे राजदूत स्वच्छ लिहितात आणि शेवटी युद्धमान राष्ट्रांना व मिशन मंडळांना हे कळवावे असे सुचवतात. आपल्या हाती काय नाही हे ज्याला कळले आहे, त्याने उरलेला एकमेव दरवाजा ठोठावला आहे. तो दरवाजा उघडला. ३ सप्टेंबरच्या तारेने त्यांनी मदतनिधीसाठी समिती नेमण्याची विनंती केली, त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ती स्थापन झाली आणि पुढे तिचीच ‘निअर ईस्ट रिलीफ’ झाली. पॅलेस्टाइनमधील उपासमारीच्या उंबरठ्यावर आलेल्या ज्यूंसाठी ऑगस्ट १९१४ मध्ये न्यूयॉर्कचे बँकर जेकब शिफ यांच्याकडे पन्नास हजार डॉलर मागणारी तार करणारे हेच गृहस्थ होते, त्यामुळे तारेने पैसा उभा राहतो हे त्यांनी एकदा पाहिलेले होते.

रोजनिशी फेब्रुवारी १९१६ पर्यंत, म्हणजे ते कॉन्स्टँटिनोपल सोडेपर्यंत वाचून झाली आहे. पण मॉर्गेन्थाऊ यांनी यातले काहीच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्यांच्यापर्यंत आले ते दूरच्या वाणिज्यदूतांचे आणि मिशनऱ्यांचे शब्द. म्हणून आता मी पूर्व तुर्कस्तानातल्या हार्पूतचे अमेरिकन वाणिज्यदूत लेस्ली डेव्हिस यांचा अहवाल वाचायला घेतला आहे. १९१५ च्या शरदात ते घोड्यावरून गोलजुक सरोवराच्या काठाने फिरले, आणि चोवीस तासांच्या आत आपण किमान दहा हजार आर्मेनियनांचे अवशेष पाहिले असा अंदाज त्यांनी लिहून ठेवला. तो अहवाल त्यांनी फेब्रुवारी १९१८ मध्ये परराष्ट्र खात्याला सादर केला. पुस्तकरूपाने तो छापला गेला १९८९ साली.