ओट्याखालचा दीड हात पाइप

बर्फात राहायला जाताय म्हणजे थर्मल, बूट वगैरे तुमच्याकडे असणारच, त्यावर लिहीत नाही. पहिले दोन दिवसही मस्त गेले, त्यावरही नाही. भाड्याच्या घराच्या जाहिरातीत 'चोवीस तास गरम पाणी' होतं आणि दारामागे पाटी होती, 'बाहेर जाताना हीटर बंद करावा'. आम्ही गुणी भाडेकरू, बंद केला. तिसऱ्या रात्री पारा उणे दहाच्या खाली उतरला.

सकाळी स्वयंपाकघरातला नळ उघडला. त्याने ढेकर दिली, दोन थेंब टाकले आणि गप्प. बाथरूमचा मात्र धो धो. म्हणजे घरात पाणी होतं, बर्फ फक्त ओट्याकडे जाणाऱ्या फाट्यात होता. मालकाला फोन केला तर म्हणाला, "ऊन आलं की सुटेल, तुम्ही फिरून या." हे अजिबात ऐकू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, बर्फ आणि बंद नळ यांच्यात अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप तडकतो. तडक तेव्हा दिसत नाही. बर्फ सुटला की कारंजं उडतं, आणि तुम्ही बाहेर फोटो काढत असता.

आधी मेन कॉक कुठे आहे ते बघून ठेवा, पाइप तडकलेला दिसला तर तो लगेच बंद. मग नळ उघडा ठेवून पाइपावरून हात फिरवत जा. आमचा गोठलेला भाग सापडला ओट्याखालच्या कपाटामागे, बाहेरच्या भिंतीजवळच्या एल्बोवर, म्हणजे पाइपाच्या वळणावर. वर पिठीसाखरेसारखा पांढरा थर, आणि पाइप भिंतीतून येतो तिथल्या बोटभर फटीतून सुरीसारखा वारा. कपाटाची मागची फळी काढली आणि पालथी पडून दीड तास हेअर ड्रायर धरला. नळाच्या बाजूने सुरुवात करून बर्फाकडे जायचं, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. खाली पाणी साचलं असेल तर ड्रायर नको, गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळा. नवरा मेणबत्ती घेऊन आला होता, त्याला हाकललं. ज्योत नाही, उकळतं पाणी ओतणं नाही. आणि गिझरला पाणी येत नसेल तर तो चालू करू नका, कॉइल जळेल.

नळ खाकरला, गढूळ पिचकारी आली आणि मी जमिनीवर पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या. त्या भरात सांगते, हेअर ड्रायर बॅगेत हवाच, दोन स्वेटर कमी न्या.

चौथ्या रात्री पाटी उलटी लावली. हीटर चालू, ओट्याखालची दारं सताड उघडी, नळाला बारीक धार, फटीत नवऱ्याचा लोकरी मोजा कोंबलेला. सकाळी पाणी आलं.

निघताना मालकाने फळी काढली म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले. पुन्हा त्या घरी पाय ठेवणार नाही. मोजा अजून त्या फटीतच आहे.