माझा अनुभव: रोडवरची धूळ, पितळी चाळणी अन् माझे दोन महिने

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्ट घेतला, रस्त्याच्या धुळीतले हेवी मेटल्स, म्हणजे कॉपर (तांबं), झिंक (जस्त), लेड (शिसं), कॅडमियम असे जड धातू. गाव वणीकडचं, कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालू, अंगणात पापड टाकले तर संध्याकाळी ते काळे, म्हणून विषय शोधत बसावं लागलं नाही. अर्धे सॅम्पल शहरातले अन् अर्धे आमच्या फाट्यावरचे घ्यायचे ठरलं.

सॅम्पल घेणं म्हणजे खरंच रोड झाडणं. खडूने एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखायचा, प्लास्टिकच्या ब्रशने सुपलीत धूळ ओढायची, पन्नीत भरून नंबर टाकायचा. आधीचे पाच-सहा दिवस कोरडे पाहिजेत, अन् मार्चमध्ये दोनदा अवकाळी आला, दोन्ही वेळा सगळं पुढे. फाट्यावरचे चहावाले काका म्हणे, "काऊन वं, नगरपालिकेत लागली का?" एक दुकानदार तर म्हणे माझ्या समोरचं पण झाडून ने, फुकटात होते.

धूळ ओव्हनमध्ये वाळवली, चाळली, तीन भाग हायड्रोक्लोरिक अन् एक भाग नायट्रिक ॲसिडमध्ये उकळून गाळली. मेटल मोजायची मशीन कॉलेजात नाही, बाहेरच्या लॅबला पाठवलं, तिथे दर सॅम्पल दर मेटल पैसे, म्हणून कॅडमियम सोडून दिलं. रिपोर्ट आला तर कॉपर अन् झिंक सगळीकडेच चढलेलं, मी एवढी खूश की प्रोजेक्टच्या गाइड मॅडमला लगेच फोन केला. त्यांनी एकच विचारलं, चाळणी कशाची होती? पितळी. अन् पितळ म्हणजेच कॉपर आणि झिंक, घासून घासून तेच माझ्या धुळीत पडलं असणार! डिपार्टमेंटच्या कपाटात तीच एक चाळणी होती हो, कोणी सांगितलंच नाही. नायलॉनची मागवली, परत झाडू, परत ॲसिड, परत पैसे.

दुसऱ्या वेळी आकडे उतरले तरी कॉपर खटकतच होतं. मी तुलना करत होती पुस्तकातल्या शेल दगडाच्या (चिकणमातीचा थराथराचा दगड) सरासरीशी, कॉपर 45 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 45 भाग), लेड 20. त्या हिशोबाने आमचं कपाशीचं वावर पण प्रदूषित निघालं! आपली काळी माती बेसाल्टची, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडाची, तिच्यात कॉपर मुळातच जास्त. मग रोडपासून लांबच्या धुऱ्याची (बांधाची) माती बेसलाइन, म्हणजे तुलनेची मूळ पातळी, धरली अन् कॉपरचा बाऊ संपला. हे कोणी आधी सांगितलं असतं तर... जाऊ द्या. ज्याला असा प्रोजेक्ट करायचा त्याने आधी आपल्या वावरातली माती भरून ठेवावी.

झिंक मात्र उरलं, जिथे ट्रक ब्रेक मारून वळतात तिथे सगळ्यात जास्त, कारण टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असते. लेड शहरात बॅटरीच्या दुकानापाशी चढलं. लेडवालं पेट्रोल 2000 सालीच बंद झालं, पण बॅटऱ्या अन् जुना पेंट आहेच, अन् लेड काही सडून जात नाही.

काकांनी विचारलं, "मंग काय निघालं धुळीत?" म्हटलं, टायर निघाला काका, सकाळी कोरडं झाडू नका, आधी पाणी शिंपडा.

"पानी कुठी हाय बाप्पा एप्रिलात," म्हणे, अन् खराटा उचलला.