शिमग्याची वर्गणी

लालबागमध्ये आमच्या गावाची एक खोली आहे. चाळीचा दुसरा मजला, समोर लांब गॅलरी, कोपऱ्यात मोरी. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावातून मुंबईला आलेला माणूस आधी इथे उतरायचा. कामाच्या पाळ्या वेगळ्या, म्हणून झोपायच्याही पाळ्या. रात्रपाळीवाले परतले की दिवसपाळीवाले वळकटी गुंडाळून बाहेर पडत. भिंतीला ट्रंका रचलेल्या, जेवण खाणावळीत. माझे आजोबा याच खोलीतून गिरणीत जात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, महिन्यांमागून महिने गेले, त्यांची गिरणी काही पुन्हा चालू झाली नाही. ट्रंक घेऊन ते गावी गेले. खोली मात्र गावाने सोडली नाही. आजही दारावर ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ अशी पाटी आहे आणि माघात एका रविवारी शिमग्याची सभा तिथेच भरते.

आता लालबागेत आमच्या गावचं कुणी राहत नाही. सगळे विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरला पांगले. तरी सभा दुसरीकडे घेऊ या असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मेगाब्लॉक असला तरी लोक गाड्या बदलत येतात. माझ्या लहानपणी पुरुष आत सतरंजीवर, बायका गॅलरीत आणि मुलं जिन्यात असायची. मी मात्र पप्पांना चिकटून आत बसायचे, कारण पावतीपुस्तकातला कार्बन पेपर सरकवायचं काम माझ्याकडे असायचं. घरी जाईपर्यंत बोटं निळी.

2018 साली मला नोकरी लागली. लोअर परळला, हिशेबाच्या खात्यात. आजोबा ज्या रस्त्याने भोंग्याच्या वेळेला जायचे त्याच रस्त्याने मी जाऊ लागले. गिरण्यांच्या आवारात आता काचेच्या इमारती आहेत. त्यानंतरच्या माघातली सभा मला जशीच्या तशी आठवते. खजिनदार अण्णांनी पप्पांची पावती फाडली, पेन तसंच हातात धरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “बाय, तुझी?” मुलगा कमवायला लागला की त्याच्या नावाची पावती फाडायची ही आमच्या मंडळाची जुनी रीत. मुलीच्या नावाची पावती मी तोवर पाहिली नव्हती. मी पाचशेची नोट पुढे केली. अण्णांनी माझं पूर्ण नाव विचारून, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं. गॅलरीतून काकी मोठ्याने म्हणाली, “आता बाकीच्या पोरींची पण लिवा.” मम्मीने ती पावती देव्हाऱ्यात ठेवली.

त्या पावतीनंतरची वर्षं माझी सगळ्यांत आनंदाची. तोवर शिमगा म्हणजे पप्पा नेतील तेव्हा जायचं, त्यांनी सांगितलं तिथे उभं राहायचं. आता रजा माझी, तिकीट माझं, आणि गावात कुणी विचारलं तर सांगायला माझं काम होतं.

रजेचं मात्र सोपं नव्हतं. हिशेबाच्या खात्यात मार्च म्हणजे परीक्षेचा महिना आणि होळी बहुतेक मार्चातच येते. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि अधिक महिना येऊन गेला की एकदम पुढे जाते. 2023 ला होळी 6 मार्चला होती, मध्ये अधिक श्रावण आला आणि 2024 ला ती थेट 24 मार्चला गेली, वर्षअखेरीच्या तोंडावर. नवीन कॅलेंडर हातात आलं की मी आधी फाल्गुन पौर्णिमा बघते. ऑफिसातल्या आमच्या मॅडम मालवणच्या. पहिल्या वर्षी भीतभीत अर्ज घेऊन गेले तर त्यांनी तारखा वाचल्या आणि विचारलं, “पालखी घरी कधी येते? तो दिवस धरलास ना? मग एक दिवस वाढव.” त्या बदल्यात आदले पंधरा दिवस मी रात्री नऊपर्यंत बसायचे. कुरकुर कधी वाटली नाही. उशिराची लोकल पकडून घरी जाताना कानात आधीच ढोल वाजत असायचे.

आम्ही तरुण मंडळी जायचो तुतारी एक्सप्रेसने. ही गाडी दादरहून मध्यरात्री बारानंतर सुटते, म्हणजे तिकिटावर दुसऱ्या दिवसाची तारीख असते. ग्रुपवर आठवडाभर आधीपासून चुलतदादाचा एकच निरोप फिरायचा: तारीख बघा, आदल्या रात्री या. आरक्षण तेव्हा 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं आहे. कितीही लवकर बसलं तरी शिमग्याच्या गाड्यांना प्रतीक्षा यादी ठरलेलीच. मग ज्यांचं तिकीट पक्कं त्यांच्या बर्थवर तिघं-चौघं, खाली वर्तमानपत्रं अंथरून बाकीचे. दादरच्या फलाटावर दिव्याची आत्ते चपात्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन यायची. पनवेलला चहा, रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे लागली की खिडकीतून हवा बदलते. महाड-पोलादपूरच्या बाजूचा रात्रीचा वारा, चिपळूणला वडापाववाल्याची हाक, मग पुढे तांबडं फुटायला लागणं. कोणी झोपत नाही. नमन या आमच्याकडच्या लोकनाट्यातल्या गवळणी म्हटल्या जातात, कुणाचं लग्न ठरतंय याची चौकशी होते, नवीन नोकरीचा पगार विचारला जातो आणि सांगितलाही जातो. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी पप्पा एसटीने रात्रभर घाटातून हेलकावे खात जायचे, ते सांगायला ते कधी विसरत नाहीत.

सकाळी संगमेश्वर रोडला उतरायचं आणि वडापच्या जीपमध्ये कोंबून बसायचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मार्चाचं कोकण: पांगारा आणि सावर पानं टाकून लाल झालेले, काजूच्या झाडांखाली बोंडांचा तो आंबूस गोड वास, आंब्याला बोराएवढ्या कैऱ्या, मळ्यांत भाजावळीचा धूर. आजी अंगणात उभीच असायची. भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आत घ्यायची नाही. ओल्या काजूगरांची उसळ तिने आदल्या दिवशीच करायला घेतलेली असायची. ओला गर काढणं सोपं काम नाही. बीचा चीक बोटांची सालं काढतो, म्हणून ती हाताला राख चोळून बसायची, विळीवर बी उभी चिरायची, काडीने गर अलगद बाहेर काढून पाण्यात टाकायची. पातेलं भरायला तिची अख्खी दुपार गेलेली असायची आणि आम्ही ते एका जेवणात संपवायचो. त्यावर ती खूश.

रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांचे शिमगे तेरसे, त्यांची होळी त्रयोदशीला. आमची पौर्णिमेला. देवळात वाघजाईला रूपं लागतात, म्हणजे चांदीचे मुखवटे पालखीत बसवून सजवतात, आणि ढोल-ताशा-सनईच्या गजरात देवी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागेवर, येते. होळीचं झाड रानातून खांद्यावर आणायचं, उभं करायचं, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाण्यात मुंबईकरांचं नाव निघतं: कामाधंद्याला गेलेल्या लेकरांना सुखी ठेव, वर्षाच्या वर्षाला अशीच सेवा घे. सगळं गाव एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणतं. लहानपणी या ओळीला पप्पा हात जोडायचे. नोकरीनंतरच्या पहिल्या शिमग्याला माझे हात आपोआप जुळले. ही प्रार्थना आता माझ्यासाठीही होती.

माझी सर्वांत आवडती वेळ शेरणं काढण्याची. मानकरी कुणाला कळू न देता नारळ जमिनीत पुरून ठेवतात आणि पालखीने तो शोधायचा असतो. सगळा माळ माणसांनी भरतो, झाडांवर पोरं, कौलांवर पोरं. पालखी खांद्यावर घेतलेले गडी आधी सावकाश चालतात. मग पालखी ओढ घ्यायला लागते, गडी मागे खेचले जातात, ढोलाचा ठोका वाढतो. एका जागी ती फिरून फिरून येते, दांडा जमिनीकडे झुकतो, गोंडे मातीला लागतात. तिथे कुदळ पडते. क्षणभर कोणी श्वास घेत नाही. आणि मग तांबड्या मातीने माखलेला नारळ वर धरला जातो तेव्हा जी आरोळी उठते, ती ऐकली की अंगावर काटा येतो. मी देवीची मनापासून भक्ती करते, आणि माझा यावर विश्वास आहे.

एका वर्षी यवतमाळची माझी ऑफिसातली मैत्रीण आमच्याबरोबर आली. मुंबईत ती एकटी राहायची, होळीला घरी जायला सुट्टी पुरत नव्हती. जीपमधून उतरताच बांधावरचा फुललेला पळस बघून ओरडली, “आमच्याकडे बी असाच पयस फुलते!” आजीने तिला दोन दिवसांत नात करून टाकलं. पालखी अंगणात आली तेव्हा ओटी भरायला आजीने मला आणि तिला बरोबर बसवलं: सूप, तांदूळ, खण, नारळ. रात्री नमन होतं. मृदंग घुमायला लागला, झगे घातलेले खेळे गोल फिरू लागले, संकासुराचं सोंग तिच्या पुढ्यात येऊन थयथयलं आणि ती माझ्या मागे लपली. गवळणीतल्या मावशीने मात्र तिला इतकं हसवलं की पहाटे रावण येईपर्यंत जागेवरून उठली नाही. परत जाताना तिच्या पिशवीत सांडगी मिरच्या, कोकमं, कुळथाचं पीठ. पुढे तिची बदली पुण्याला झाली, पण फाल्गुन लागला की तिचा फोन येतो: पालखी कुठल्या दिवशी?

2020 ला होळी 9 मार्चला होती. आम्ही गेलो, पालखी नाचली, परतलो, आणि पंधरा दिवसांत सगळा देश घरात बसला. पुढच्या वर्षीही निर्बंध होते. मंडळाने तेव्हा शिमग्याची वर्गणी गावी किराण्यासाठी पाठवली आणि नालासोपाऱ्यात काम सुटलेल्या घरांचं भाडं भरायला वापरली. कुणाला किती दिलं ते अण्णांनी सभेत वाचलं नाही. त्या वर्षांनी मंडळ मला कळलं.

पालखी पुन्हा घरोघर फिरली त्या शिमग्यात सहाणेवर बायकांनी पालखी नाचवली. आमच्या बाजूच्या काही गावांत ते आधीच सुरू झालं होतं. आमच्याकडे मानकऱ्यांनी सभेत विचार करून होकार दिला. आत्तेने पदर खोचला, चपला काढल्या आणि दांड्याखाली खांदा दिला, तिच्या मागे मी. वजन अंगावर येतं तेव्हा पहिल्यांदा पाय डगमगतात. मग ढोल पायांत शिरतो. घामाने गुलाल वितळून डोळ्यांत उतरला होता, पुसायला हात मोकळा नव्हता. साठी ओलांडलेली आत्ते मला पुढून सांगत होती, “वाक, वाक, आता उचल.” खांद्यावर उठलेला काळानिळा वळ मी मुंबईला परतल्यावर ऑफिसात मॅडमना कौतुकाने दाखवला.

पालखी नाचली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाणेवर गाव बसतो आणि मुंबई मंडळाचा वर्षाचा जमाखर्च वाचला जातो. वर्गणी किती, देवळाच्या कौलांना किती, दहावीच्या मुलांच्या वह्या, नमनाच्या मंडळींचा मान, शिल्लक. अण्णांचे डोळे अधू झाले तेव्हापासून वही त्यांनी माझ्या हातात दिली. ऑफिसात मी याहून कितीतरी मोठे आकडे रोज हाताळते, पण तिथे समोर बसलेली माणसं अशी कान देऊन ऐकत नाहीत. यात प्रत्येकाचा रुपया आहे. पहिल्या वर्षी वाचून झाल्यावर शेवटच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकून उठले आणि म्हणाले, “जनरेटरचा भाडा एवडा कसा? माझा काय म्हणना हाय, ह्यो इकत घ्या.” खाली बसले. मानकऱ्यांनी माना हलवल्या, मुंबईकरांनी हिशेब मांडला, वाद झाला, चहा आला, पुन्हा वाद झाला. सतत दोन वर्षं हा विषय निघाला आणि गेल्या शिमग्याला ठराव झाला: भाड्याने आणायचा नाही, मंडळाने स्वतःचा घ्यायचा. मी चिपळूण आणि रत्नागिरीच्या दुकानांतून दर मागवून ठेवलेत. आजोबांना माघातल्या सभेआधी फोन करून सांगायचं आहे.