क्यू देणारी मुलगी

सव्वा महिना आम्ही लातूर, अंबाजोगाई, परभणी पालथी घातली. शाळेचा हॉल, भिंतीला पांढरी चादर, तिच्यापुढे मुलगी. नाव, वय, गाव, मग डावा चेहरा, उजवा चेहरा आणि शेवटी दोन पानांचा प्रसंग. मी दिग्दर्शकांचा सहायक, मूळचा उदगीरकडचा, म्हणून नायिका शोधायचं काम माझ्याकडे आलेलं. 2016 च्या 'सैराट'मधून अकलूजची रिंकू राजगुरू पुढे आली, तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला. ते ठाऊक असलेले आईबाप पोरींना घेऊन मोठ्या आशेनं यायचे. पण घरी भावाला 'काय करूलालास' म्हणणारी पोर कॅमेऱ्यापुढे 'काय करतोयस' म्हणायची. जीव तुटायचा माझा. आपली बोली लपवायची असते, हे यांना शिकवलं कुणी?

उदगीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत त्या दिवशी क्यू द्यायला, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला, माणूस नव्हता. सतरंज्या उचलायला थांबलेल्या सातवीतल्या पोरीला मी कागद दिला. म्हटलं, भावाची वाक्यं तू वाच.

रात्री लॉजवर दिग्दर्शक हेडफोन लावून फुटेज बघत होते. एकदम म्हणाले, "समोरची राहू दे. ही बोलतेय कोण?"

ती फ्रेममध्ये नव्हतीच. कोपऱ्यात कागदाची कड आणि ओळीखालून सरकणारं बोट तेवढं दिसत होतं. चौथ्या मुलीच्या वेळी कागदही खाली गेलेला. संहितेत होतं, 'मी जातोय, दार लावून घे.' ती म्हणाली, "मी जाऊलालो. कडी घाल आतून." आम्ही ते वाक्य सहा-सात वेळा ऐकलं.

लातूरची एक मुलगी जवळपास नक्की झाली होती. तिला नकाराचा फोन मीच केला. ती नुसतं "बरं सर" म्हणाली. ते अजून टोचतं.

क्यू देणाऱ्या पोरीचे वडील सालगडी. त्यांचा एकच प्रश्न, "शाळा बुडंल का?" साल पाडव्याला लागतं, मध्येच सोडता येत नाही. त्यामुळे शूटिंगला आई सोबत राहील असं ठरलं, तेही चौथ्या खेपेला. पोर 13 वर्षांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. पालकांचं संमतिपत्र, मुलीची जबाबदारी कुणाकडे ते लेखी. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, सलग तीन तासांवर नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेव. जवळपास प्रत्येक प्रसंगात तीच, म्हणून अख्खं शेड्यूल नव्यानं मांडावं लागलं. निर्माते कुरकुरले, दिग्दर्शक हटले नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी तिला पूर्ण संहिता दिली. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"सर, असं कोण बोलतंय?"

दिग्दर्शकांनी खिशातलं पेन काढून तिच्याकडे दिलं.