बुरशीचा रिपोर्ट अजून का नाही आला?

“मॅडम, शुगर अर्ध्या तासात कळते. मग बुरशीच्या रिपोर्टला चार-चार दिवस कसे लागतात?” लॅबच्या खिडकीशी हे मला सतत विचारलं जातं. विचारणाऱ्याचं माणूस आयसीयूत असतं आणि मागे रांग असते, त्यामुळे नीट उत्तर देणं राहून जातं. ते आज देते.

शुगर रक्तात असतेच, ती फक्त मोजायची. बुरशी आम्हाला आधी वाढवावी लागते. रक्तात शिरणारी बुरशी बहुतेकदा कॅन्डिडा असते आणि ती इतकी विरळ असते की कित्येकदा एका मिलिलिटर रक्तात तिची एक पेशीही सापडत नाही. (२०२१ साली घरोघरी पोचलेला म्युकर वेगळा. तो रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढवायच्या या तपासणीत, जवळजवळ कधीच उगवत नाही, त्याच्यासाठी बाधित जागेचा तुकडाच तपासावा लागतो.) म्हणून मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिलि रक्त हवं, आणि एका वेळी निदान चार बाटल्या. बाटली उजेडात धरली आणि आत जेमतेम ३ मिलि दिसलं की माझा जीव खाली-वर होतो. वॉर्डला फोन करून परत रक्त घ्यायला सांगते. “किती रक्त काढता हो” म्हणून तुम्ही चिडता, तेव्हा कारण हे असतं.

मशीनमध्ये बाटल्या अंगाच्या उबेइतक्या उबेत असतात. बुरशी वाढली की कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि आमच्याकडच्या बाटल्यांच्या तळाचा हिरवट ठिपका पिवळा पडतो. मशीन दर दहा मिनिटांनी तो बघतं. कॅन्डिडाला यासाठी बहुधा एक ते तीन दिवस लागतात. ‘काही वाढलं नाही’ असं पक्कं लिहायला आम्ही पाच दिवस थांबतो.

एका आजोबांच्या चार बाटल्यांपैकी एकीचाच ठिपका पिवळा पडला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मशीन वाजलं. स्लाइड रंगवून बघितली तर गडद जांभळ्या, लांबट गोल पेशी, आणि एकीच्या टोकाला हरभऱ्याला मोड यावा तसा कोंब. मी लगेच फोन केला. पलीकडचा तरुण डॉक्टर म्हणाला, “एकाच बाटलीत आहे, कन्टॅमिनेशन असेल ना?” म्हणजे रक्त घेताना बाहेरचं काही बाटलीत शिरलं असेल. कातडीवरच्या काही जंतूंच्या बाबतीत ही शंका रास्त असते. कॅन्डिडाच्या बाबतीत कधीच नाही. एका बाटलीतली कॅन्डिडाही खरीच धरायची. त्याचे वरिष्ठ फोनवर येईपर्यंत मी रिसीव्हर ठेवला नाही. तासाभरात औषध सुरू झालं, कारण बुरशीचं नाव कळेपर्यंत औषध अडवून ठेवायचं नसतं.

नावाला मात्र पुढचे दिवस जातात. रंगीत माध्यमाच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी निळे ठिपके आले: कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस. कॅन्डिडाचीच दुसरी जात, अल्बिकन्स, असती तर हिरवे आले असते. आपल्याकडच्या आयसीयूंमध्ये ट्रॉपिकॅलिस खूप दिसते. कुठलं औषध चालेल हे बघायला आणखी एक दिवस. नाव चुकलं तर महागात पडतं. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडलेली कॅन्डिडा ऑरिस बरीच वर्षं काही मशीनं दुसऱ्याच नावाने सांगत होती, आणि तिच्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध सहसा चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. शरीरात खोलवर कॅन्डिडा पसरलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांमध्येच रक्ताचं कल्चर पॉझिटिव्ह येतं. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह असूनही डॉक्टर बुरशीचं औषध चालू ठेवतात, तेव्हा ते बिल वाढवण्यासाठी आहे असं धरून चालू नका. कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आजोबांच्या मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) काढली, बुरशी तिथवर पोचली नाही ना म्हणून डोळ्यांचा पडदा तपासला, आणि रोज नव्या बाटल्या येत राहिल्या. औषधाचे चौदा दिवस पहिल्या डोसपासून मोजत नाहीत. ज्या दिवशीच्या रक्तात पहिल्यांदा काही वाढत नाही, त्या दिवसापासून मोजतात. त्यांची मुलगी रोज खिडकीशी येऊन विचारायची, “ठिपका हिरवाच आहे ना, मॅडम?” चौथ्या दिवशीच्या बाटल्या पाचही दिवस हिरव्याच राहिल्या. त्या मी तिला खिडकीतून दाखवल्या.